कुजक्या पानावर मोहरीपेक्षाही लहान पांढऱ्या वाट्या – कोणती बुरशी? (इंदूर)

शेवंती_इंदूर | १७ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या राजेंद्र नगरात कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून जुनी झाडं आहेत. भिंत आणि नाली यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा, त्यामुळे तिथला पाचोळा झाडूतून दरवर्षी सुटतो. गेले आठ-दहा दिवस झड लागली होती. आज सकाळी उघडीप मिळाली म्हणून तिकडे गेले आणि वरची पानं बाजूला केली, तर खालच्या काळ्या पडलेल्या पानांवर पांढरे ठिपके. आधी वाटलं, भिंतीचा चुना उडालाय. घरी आणून नातवाच्या भिंगातून पाहिलं आणि चहा निवला तरी उठले नाही.

प्रत्येक ठिपका म्हणजे एक वाटी आहे! खाली बारीक दांडी, वर उघडी वाटी, आतला रंग दुधावरच्या सायीसारखा. बाहेरून सगळीकडे पांढरी लव, वासराच्या कानावर असते तशी. पट्टी ठेवून मोजलं: सगळ्यात मोठी एक मिलिमीटर, बाकीच्या अर्ध्या. मधल्या जाड शिरेवर दाटी, कडेला विरळ. एका पानावर चाळीसपर्यंत मोजल्या आणि पुढे सोडून दिलं.

मोबाईलला भिंग लावून तीन फोटो काढलेत. पानं बहुतेक आंब्याची असावीत. हिचं नाव काय असेल? मराठी नाव असलं तर फारच छान.

पाऊसवेडी | १७ ऑगस्ट, रात्री १०:०५

किती गोड! दुसरा फोटो तर मोत्यांच्या कुड्यांसारखा दिसतोय. माहीतगार येईपर्यंत मी इथेच बसते.

रानभूल | १७ ऑगस्ट, रात्री ११:१२

शेवंतीताई, वाटीच्या आत डाळीच्या दाण्यासारख्या चपट्या गोळ्या आहेत का? असतील तर ती घरट्यासारखी दिसणारी बुरशी, सायथस. पावसाचा टपोरा थेंब वाटीत पडला की त्या गोळ्या बाहेर उडतात. आमच्याकडे पुण्यात कुंड्यांमध्ये आणि जुन्या लाकडावर नेहमी दिसते. पण तिची वाटी पाच-सात मिलिमीटर तरी असते. तुमच्या मापावरून ती वाटत नाही.

शेवंती_इंदूर | १८ ऑगस्ट, सकाळी ७:२०

आत्ता पुन्हा पाहिलं. गोळ्या अजिबात नाहीत. आतला भाग सपाट आणि गुळगुळीत आहे.

खडूफळा | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मी इंदूरचाच. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पानाची. पानावर वाढणाऱ्या बुरशीची ओळख पानापासून सुरू होते, कारण यातल्या कित्येक जाती ठराविक झाडाच्याच पानावर, आणि त्यातही शिरेवर किंवा देठावरच येतात. पान चुकलं की पुढची वाट चुकते. तुमचा पहिला फोटो मोठा करून पाहिला. आंब्याच्या पानात बाजूच्या शिरा सुट्या आणि ठळक असतात. तुमच्या पानात त्या बारीक आहेत, एकमेकींना अगदी खेटून निघाल्या आहेत आणि कडेपाशी पोचल्यावर काठाला समांतर धावणाऱ्या एका शिरेला मिळाल्या आहेत. हे जांभळाचं लक्षण. खात्री करायची तर त्याच ढिगातलं कमी कुजलेलं पान उजेडासमोर धरा. तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसले तर जांभूळच.

दुसरी गोष्ट वाटीची. वाटीसारख्या बुरश्या बहुतेक धानीकवकांत येतात. त्यांचे बीजाणू सूक्ष्म नळीसारख्या थैलीत तयार होतात. थैलीला ॲस्कस म्हणतात आणि सहसा एका थैलीत आठ बीजाणू असतात. वाटीचा आतला गुळगुळीत भाग म्हणजे अशा हजारो थैल्या शेजारी शेजारी उभ्या. पानावरची, दांडी असलेली, पांढऱ्या केसांची, मिलिमीटरभर वाटी म्हटली की सर्वांत आधी लॅक्नम ही प्रजाती डोळ्यांसमोर येते. जुन्या पुस्तकांत हिलाच डॅसिसिफस म्हणत. आमच्या वेळी आम्ही तेच नाव घोकलं होतं.

पण हे फोटोवरून केलेलं अनुमान आहे. सूक्ष्मदर्शकाखाली केस आणि थैल्या पाहिल्याशिवाय मी नावाला हात लावणार नाही.

बडोद्याचा_वड | १८ ऑगस्ट, दुपारी १:१५

सरांचा मान राखून एक शंका. तिसऱ्या फोटोतल्या वाट्यांवर मला एकही केस दिसत नाही. रंगही पांढरा नाही, फिकट पिवळा आहे. मला तर ती हायमेनोस्किफस वाटते. ती बाहेरून गुळगुळीत असते.

रानभूल | १८ ऑगस्ट, दुपारी १:४०

दुसऱ्या फोटोत केस स्पष्ट आहेत की!

बडोद्याचा_वड | १८ ऑगस्ट, दुपारी १:५२

दुसऱ्यात आहेत, मान्य. मी तिसऱ्याबद्दल बोलतोय. देठाकडच्या टोकाला पाहा.

खडूफळा | १८ ऑगस्ट, सायंकाळी ५:००

वडराव, तुमची नजर चांगली आहे. मी तिसरा फोटो घाईत पाहिला, ती चूक माझी. एकाच पानावर दोन वेगळ्या बुरश्या आहेत. शिरेवर पांढरी केसाळ, देठावर पिवळसर गुळगुळीत. आपण दोघं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत होतो.

एका कुजक्या पानावर दोन-तीन जाती सहज नांदतात. कुणी देठ पकडतं, कुणी शीर, कुणी शिरांमधला पातळ भाग. म्हणून नमुना घेताना वाटी नेमकी कुठे होती ते लिहून ठेवायचं.

निंबोणी | १८ ऑगस्ट, रात्री ८:१०

आमच्याही जांभळाखाली असं काही असणार. झाडाला रोग लागेल का? बोर्डो मिश्रण मारून घेऊ का?

खडूफळा | १८ ऑगस्ट, रात्री ८:२५

मारू नका. ही मेलेल्या पानावर जगते. पानाचं खत करणं हेच तिचं काम.

बडोद्याचा_वड | १८ ऑगस्ट, रात्री १०:४५

निंबोणीताईंचा प्रश्न मात्र अगदी वाजवी आहे, कारण युरोपात नेमकं उलटं घडलं.

तिथे ॲश नावाचं मोठं झाड आहे. त्याच्या गळलेल्या पानांच्या देठांवर हायमेनोस्किफस अल्बिडस ही पांढरी इवलीशी वाटी एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. निरुपद्रवी, पाचोळा कुजवणारी. १९९० च्या दशकात पोलंडमध्ये ॲशची झाडं शेंड्याकडून वाळायला लागली आणि ती साथ देशोदेशी पसरली. २००६ साली रोगाच्या बुरशीचं वर्णन झालं, पण तेव्हा तिचं फक्त वाटी नसलेलं रूप हाती होतं. वाटीचा शोध लागला तेव्हा ती हुबेहूब अल्बिडससारखी निघाली. आपली जुनी गरीब बुरशीच अंगावर आली की काय, असं वाटलं. २०१० च्या सुमारास डीएनए तपासल्यावर कळलं की ही जातच निराळी, पूर्व आशियातून आलेली. तिथल्या ॲशच्या पानांवर ती फारसं नुकसान न करता राहते. आज तिचं नाव हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनियस.

साध्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. सूक्ष्मदर्शकात फरक कुठे, तर ॲस्कसच्या बुडाशी. फ्रॅक्सिनियसमध्ये तिथे आकडीसारखा बाक असतो, अल्बिडसमध्ये नसतो. एवढ्याशा आकडीवर एका खंडातल्या झाडांचा मारेकरी ओळखता येतो. माझा या विषयात जीव अडकला तो हे वाचल्यापासून.

ही गोष्ट ॲशची आहे, जांभळाशी तिचा काही संबंध नाही. ताईंनी घाबरू नये.

शेवंती_इंदूर | १९ ऑगस्ट, सकाळी ८:००

सर, ठिपके दिसले! अर्धवट तपकिरी पान खिडकीपाशी धरलं तर सुईनं टोचल्यासारखे उजळ ठिपके. जांभूळच. इतकी वर्षं त्या झाडाखालून जाते आणि पान मात्र आंब्याचं समजत होते.

एक वाईट बातमीही आहे. नमुना मी प्लास्टिकच्या डब्यात घट्ट झाकून ठेवला होता. दीड दिवसात सगळ्यावर राखाडी कापूस पसरला. वाट्या त्याखाली गाडल्या गेल्या, एकही धड उरली नाही. फार वाईट वाटलं. पुन्हा आणते, पण कसं ठेवायचं ते सांगा.

खडूफळा | १९ ऑगस्ट, सकाळी ९:१५

बंद प्लास्टिकमध्ये साधी बुरशी चढतेच. ताजं पाहायचं असेल तर वर्तमानपत्राच्या पुडीत गुंडाळा, पुडी किंचित दमट असू द्या आणि त्याच दिवशी पाहा. ठेवून द्यायचं असेल तर पंख्याखाली सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात घाला. वाळल्यावर वाटी मिटेल, केस आत वळतील, पांढरी गाठ झाल्यासारखी दिसेल. घाबरायचं कारण नाही, पाण्याचा थेंब दिला की बरीचशी उघडते.

मात्र जिवंत वाटी पाण्यात पाहण्याची सर वाळलेल्या नमुन्याला येत नाही. जिवंत पेशीतले तेलाचे थेंब, रंग, थैलीची खरी लांबी, हे वाळल्यावर बदलतं किंवा निघून जातं. आपल्या कॉलेजांत सवय अशी की काचपट्टीवर आधी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा निळा रंग टाकायचा. त्यानं पेशी मरतात. आधी साधं पाणी, मग बाकीचं.

रानभूल | १९ ऑगस्ट, सकाळी ११:३०

पुन्हा आणाल तेव्हा आणखी एक पाहा: वाटीचं तोंड कुठे होतं? वर की जमिनीकडे? हे विचारतोय कारण वाटीसारखं दिसणारं सगळंच धानीकवक नसतं. भूछत्रांच्या कुळातल्या काही बुरश्यांची छत्री पिढ्यान् पिढ्या आक्रसत इवल्याशा केसाळ वाटीवर आली आहे. लॅक्नेला हे त्यातलं एक नाव, आणि लॅक्नमशी त्याचं साम्य ऐकायलाही किती आहे बघा. त्यांची तोंडं बहुधा खाली असतात. त्यांच्यात थैली नसते, गदेसारख्या पेशीच्या डोक्यावर शिंगं असतात आणि त्या शिंगांवर बीजाणू, बहुधा चार, बाहेर धरलेले असतात. भिंगातून दोन्ही सारख्याच दिसतील. आत आठ की बाहेर चार, हा निकाल सूक्ष्मदर्शकच देईल.

पाऊसवेडी | १९ ऑगस्ट, दुपारी १२:०५

म्हणजे आत्तापर्यंत तीन उमेदवार झाले. ताई, लवकर आणा!

मळवाट | २० ऑगस्ट, सकाळी ६:५०

थोडं अवांतर, पण इंदूरच्या धाग्यावर हे यायलाच हवं. पाचोळ्याचं खत करायची जी पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून गाजली, ती याच गावात बसली. १९२४ साली इथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात. ही पद्धत बसवणारे इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिथे १९३१ पर्यंत होते. त्यांच्यासोबत काम करणारे यशवंत वाड आपले मराठी माणूस. १९३१ सालच्या या पद्धतीवरच्या पुस्तकावर दोघांचंही नाव आहे. बाहेर हॉवर्डांचं नाव सगळे घेतात, वाडांचं कुणी घेत नाही, याची मला खंत आहे.

हॉवर्ड मुळात बुरशीशास्त्राचे अभ्यासक होते, हिंदुस्थानात येण्याआधी वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी तेच काम केलं. ढिगात सुरुवातीला बुरशीचा पांढरा थर चढतो आणि मग जिवाणूंचं राज्य येतं, हा क्रम त्यांनी नीट मांडला. पाला, शेण, मूत्रमाती, राख यांचे थर द्यायचे, ढीग तीनदा परतायचा, तीन महिन्यांत खत तयार. शेवंतीताईंच्या भिंतीमागे तेच काम कुणीही न परतता, आपल्या गतीनं चाललंय.

आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं याचा मला अभिमान आहे. तरीही झाडाच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा गाडीत जातो तेव्हा जीव हळहळतो. तो कचरा नाही.

शेवंती_इंदूर | २० ऑगस्ट, सकाळी ७:३०

मळवाटदादा, वाडांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

शेवंती_इंदूर | २३ ऑगस्ट, रात्री १०:२०

पाहून आले!! सविस्तर लिहिते.

सकाळी सहाला पानं गोळा केली. आधी हात न लावता पाहिलं. पान पालथं पडलेलं, म्हणजे पानाची खालची बाजू आभाळाकडे. वाट्या त्या खालच्या बाजूच्या मधल्या शिरेवर आणि सगळ्यांची तोंडं वर. रानभूल, हे तुमच्यासाठी.

आमच्या कॉलनीत एक ताई राहतात, एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. त्यांनी रविवार असूनही प्रयोगशाळा उघडून घेतली. दाढीचं ब्लेड अर्धं करून त्यांनी एक वाटी उभी कापली. मला तर ती ब्लेडच्या धारेवर दिसतही नव्हती. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, वर आच्छादन काच, आणि पेन्सिलीच्या मागच्या रबरानं अगदी हलका दाब.

चाळीसच्या भिंगाखाली आधी केस दिसले. सरळ, लांबट, मध्ये आडवे पडदे, टोक थोडं फुगीर, आणि केसाच्या अंगावर रवाळ कण, रवा भुरभुरावा तसे. काही टोकांवर स्फटिकासारखा चकचकीत तुकडा. मग ताईंनी काचपट्टी सरकवली आणि थैल्या आल्या. शेजारी शेजारी उभ्या, काचेच्या नळ्यांसारख्या. एकीत बीजाणू स्पष्ट होते. मी मोजले, ताईंनी मोजले, पुन्हा मी मोजले. आठ! सगळे आत, मटारच्या शेंगेत दाणे असावेत तसे, फक्त तिरपे आणि लांबुडके. मापपट्टी लावून सात ते नऊ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि दोनपेक्षा थोडे कमी रुंद भरले. थैल्यांच्या मध्येमध्ये भाल्याच्या पात्यासारखे टोकदार धागे होते, थैल्यांपेक्षा उंच. मला वाटलं तेही केसच आहेत, पण ते गुळगुळीत होते.

मग आयोडीन. बटाट्यातला स्टार्च दाखवायला वापरतात तीच बाटली. ताईंनी काचेच्या एका कडेला थेंब सोडला, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घेतला. पिवळा रंग हळूहळू आत सरकत आला आणि थैल्यांपर्यंत पोचला. प्रत्येक थैलीच्या अगदी शेंड्याला दोन निळे ठिपके उमटले. इतके बारीक की आधी भास वाटला. ताई म्हणाल्या, वीस वर्षं ही बाटली वापरतेय, पण हे पहिल्यांदाच पाहतेय.

खडूफळा | २३ ऑगस्ट, रात्री ११:०५

शेवंतीताई, तुम्ही आणि तुमच्या ताई दोघींनाही मनापासून शाबासकी. असं निरीक्षण एमएस्सीच्या मुलांकडूनही सहज मिळत नाही.

आठ बीजाणू आत, म्हणजे लॅक्नेला बाद. रवाळ केस, भाल्यासारखे उंच मधले धागे आणि आयोडीननं निळं होणारं थैलीचं टोक, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लॅक्नम म्हणायला मी आता कचरत नाही. ते निळे ठिपके म्हणजे थैलीच्या शेंड्यातलं कडं. बाजूने पाहिलं की कड्याचे दोन काप दोन ठिपक्यांसारखे दिसतात. त्याच कड्यातून बीजाणू एकामागून एक बाहेर फेकले जातात.

जात कुठली, हे मात्र इथे थांबतं. लॅक्नममध्ये जाती खूप आहेत. नुसत्या पांढऱ्या रंगावरून व्हर्जिनियम असं नाव चिकटवण्याची सवय सर्रास दिसते. ते नाव मुळात युरोपातल्या नमुन्यांवरून आलेलं आहे. मी ते जांभळाच्या पानावर लावणार नाही.

मराठी नाव विचारलं होतं. रुळलेलं नाव नाही. लोकांनी छत्र्यांना नावं दिली, कारण त्या नजरेत भरतात आणि काही ताटात पडतात. ही कुणाच्या नजरेसच पडली नाही.

बडोद्याचा_वड | २३ ऑगस्ट, रात्री ११:३०

वा! निळ्या ठिपक्यांचं वाचून अंगावर काटा आला.

सर, साध्या आयोडीनऐवजी मेल्झरचं आयोडीन-द्रावण वापरायला नको होतं का? पुस्तकांत तेच असतं.

खडूफळा | २४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

साधं आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचं पाण्यातलं द्रावण उलट बरं. मेल्झरमध्ये क्लोरल हायड्रेट असतं. ते गुंगीचं औषध, सहज मिळत नाही. शिवाय काही बुरश्यांत साध्या द्रावणानं थैलीचं टोक लाल होतं, आणि मेल्झरमध्ये तो लाल रंग उमटतच नाही. जर्मनीच्या बाराल यांनी १९८७ साली हे दाखवून दिलं. शाळेतली बाटली या कामाला उत्तम.

रानभूल | २४ ऑगस्ट, सकाळी १०:००

ताई, नमुना वाळवून नक्की ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरश्यांचा संग्रह आहे, आणि जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. आधी पत्र लिहून विचारता येईल. पण पाकिटावर माहिती पूर्ण हवी. माहितीशिवायचा नमुना म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट.

आणि देठावरची ती पिवळी गुळगुळीत वाटी?

शेवंती_इंदूर | २४ ऑगस्ट, रात्री ९:१५

पिवळीच्या फक्त तीन वाट्या मिळाल्या आणि तिन्ही मिटलेल्या, थैल्या कच्च्या होत्या. एकीतही बीजाणू नव्हते. ताई म्हणाल्या, आठवडाभर पानावरच पिकू द्या. म्हणून देठांची जुडी पुन्हा त्याच जागी, पालथी, भिंतीच्या कडेला ठेवून आले. शेजारी खूण म्हणून लाल दोरा बांधलेली काडी रोवली आणि झाडणाऱ्या दादांना ती दाखवून ठेवली. ते म्हणाले, इथे झाडू लावणार नाही.

पांढरीचं पाकीट तयार आहे. त्यावर असं लिहिलंय, काही राहिलं असेल तर सांगा:

लॅक्नम, जात ठरलेली नाही. जांभळाचं गळून काळं पडलेलं पान, खालची बाजू, मधली शीर. पान पालथं, वाट्यांची तोंडं वर. वाटी अर्धा ते एक मिलिमीटर, दांडी आहे, केस पांढरे रवाळ. ॲस्कस आठ बीजाणूंचा, टोक आयोडीननं निळं. राजेंद्र नगर, इंदूर. २३ ऑगस्ट, सकाळी सहा, आदल्या रात्री पाऊस.

खडूफळा | २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

साल राहिलं. आणि गोळा करणाऱ्याचं नाव, म्हणजे तुमचं.